उसना कान

मिक्सर लावला आणि रेडिओ ओरडला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

ज्याने शॉर्टवेव्ह ऐकलीय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. इतरांसाठी सांगतो. शॉर्टवेव्ह म्हणजे समुद्रापलीकडून, आकाशाला धडकून खाली उतरणारा आवाज. येईपर्यंत तो इतका थकलेला असतो की घरातला मिक्सर, जिन्यातली लिफ्ट, शेजारचा बिघडलेला दिवा, कुणीही त्याला सहज दाबतं. आमच्या संसारातली निम्मी भांडणं यावरून झाली. संध्याकाळी माझं स्टेशन लागायचं आणि नेमकं तेव्हाच हिला काहीतरी वाटायची हुक्की यायची. मिक्सर फिरला की रेडिओत असा खरखराट व्हायचा की निवेदिका खडे चावत बोलतेय असं वाटावं. मी इकडून ओरडणार, ही तिकडून ओरडणार, आणि स्टेशन बिचारं मधल्यामधे मरणार. शेवटी आमचा तह झाला. माझ्या त्या अर्ध्या तासात मिक्सर बंद.

त्या संध्याकाळी ही तह विसरली. मी खुर्चीत पाय लांब करून बसलो होतो, निवेदिका बातम्या देत होती, आणि स्वयंपाकघरात घुर्रर सुरू झालं. ओरडायला तोंड उघडलं ते तसंच उघडं राहिलं. रेडिओत काहीच झालं नाही. निवेदिका आपली स्वच्छ, गोड आवाजात बोलतेच आहे.

आधी मला काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, पोराने काय सेट बांधलाय. मग डोकं चालायला लागलं. माझ्या एरियलची तार गच्चीवरून खाली येते ती स्वयंपाकघराच्या खिडकीवरूनच आत शिरते, मिक्सरच्या डोक्यावरून. मी जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. तार काय पकडते आणि काय नाही हे मला कुणी शिकवायला नको. त्या मिक्सरच्या इतक्या जवळून गेलेली तार गप्प बसूच शकत नाही, सेट कुणीही बांधलेला असो.

"अगं, बंद कर," मी म्हटलं. मिक्सर थांबला. "आता पुन्हा लाव."

"काय?"

"लाव म्हणतोय ना."

तिने लावला नाही. ती दारात आली, हात पुसत. तिचा तो चेहरा मला ओळखीचा आहे. डॉक्टरांशी बाहेर बोलून माझ्याकडे येताना ती असाच चेहरा करते.

मी उठलो. गुडघा नवीन बसवलाय, पटकन उठता येत नाही, पण उठलो. टेबलाला धरून सेटच्या मागे हात घातला. एरियलची पिन सॉकेटात होती, पोराने "बाबा, नाजूक आहे, हात लावू नका" म्हणून बजावलेली. मी ती उपसली.

निवेदिका बोलत राहिली.

तार काढली तर रेडिओ मुका होतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. फार तर शेजारपाजारचं दांडगं स्टेशन कण्हत राहील. इथे समुद्रापलीकडचं मरतुकडं स्टेशन, हातात उपसलेली पिन, आणि बाई म्हणतेय आता ऐकूया हवामान. मी मग ती तार खिडकीतून ओढली. वर गच्चीपर्यंत गेलेली तार अशी येणार नाही, ताणली जाईल, हाताला झोंबेल. ही सुळकन आली. दोन-तीन हात तांबं आणि पुढे शेवट. शेवटाला काळी टेप गुंडाळलेली, अगदी सफाईने, मी पोराला लहानपणी शिकवली होती तशी.

"तार कुठाय?" मी विचारलं.

ही म्हणाली, "तो आला की सांगेल."

म्हणजे हिलाही माहीत होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा एका तारेसाठी काय एवढा पेटलाय.

आम्ही दोघं भावंडं. ताई माझ्याहून मोठी, आणि सत्तरी उलटली तरी तिच्यासाठी मी ठोंब्याच. लहानपणी घरात एक रेडिओ होता, आणि हे स्टेशन, दूर देशातलं, रोज संध्याकाळी अर्धा तास आपल्या भाषेत बोलायचं. आम्ही दोघं त्या लाकडी खोक्याला दोन बाजूंनी कान लावून बसायचो. ताईचं लग्न झालं आणि ती डोंगरात, जंगलाच्या कडेला राहायला गेली. तेव्हा ठरलं की रोज त्या वेळी तिने तिकडे लावायचं, मी इकडे. बाकी काही नाही, पण त्या अर्ध्या तासात ताई माझ्या शेजारी असते. मेहुणे गेले, तिची मुलं शहरात पांगली, तरी तिने ते घर सोडलं नाही. तिच्याकडे इंटरनेट नाही, मोबाइलला रेंज नाही. एक तारेचा फोन आहे, तोही मनात आलं तर चालतो. रविवारी मी फोन करतो आणि आठवड्याच्या कार्यक्रमांवर आमची खडाजंगी होते. तिला ती नवीन निवेदिका आवडत नाही. म्हणते, फार लाडात बोलते.

ताईची नजर अधू झाल्यापासून स्टेशनला रिपोर्ट मीच पाठवतो, दोघांचाही. रिपोर्ट म्हणजे आवाज किती जोरात आला, खरखर किती, मधे किती वेळा बुडाला, ते आकड्यांत सांगायचं. त्याच्यावर तिथला इंजिनिअर ठरवतो की आपलं प्रक्षेपण कुठवर पोचतंय. गोष्ट किरकोळ वाटेल, पण त्यात एकच अट असते. जे स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या तारेवर ऐकलं तेच लिहायचं. मी ते कसोशीने पाळलं. नाही आलं तर नाही आलं असं लिहिलं. इंजिनिअर मला लिहायचा की तुमचा शब्द आम्हाला मोजमापासारखा आहे. ते पत्र मी हिला तीनदा वाचून दाखवलं होतं.

आमचे चिरंजीव कॉम्प्युटरवाले. त्याने एकदा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "बाबा, आता तार, गच्ची, काही नको. लोकांनी आपापल्या घरचे रिसिव्हर इंटरनेटवर टाकलेत. पान उघडा आणि वाट्टेल त्या देशातल्या रिसिव्हरवर वाट्टेल ते स्टेशन लावा. एकाच वेळी शंभर जण आपापलं वेगळं स्टेशन ऐकू शकतात."

पडद्यावर निळ्या रंगाचा पट्टा खाली सरकत होता आणि त्यात जिथे स्टेशन तिथे पिवळी रेघ. दिसायला झकास. मी विचारलं, "म्हणजे तार त्याच्या छपरावर?"

"हो."

"आणि ऐकणार मी?"

"हो की."

"मग हा माझा कान नव्हे. उसना कान झाला. इथे काय येतं ते मला यातून कसं कळणार?"

"पण आवाज तर स्वच्छ येतो ना, बाबा."

"शेजाऱ्याच्या घरात वास सुटला म्हणून माझं पोट भरतं का?" मी लॅपटॉप मिटला. पोरगा हसला, विषय संपला. मला वाटलं संपला.

मग माझा गुडघा बदलला. दवाखान्यातून घरी आलो तर टेबलावर नवा सेट. काळी पेटी, पुढे एक मोठी चकती, चकती फिरवली की आकडे पळतात. "मी बांधला, तुमच्यासाठी," पोरगा म्हणाला. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. या पोराने कधी हातात तारा जोडायचं, डाग द्यायचं यंत्र धरलं नव्हतं, त्याने बापासाठी सेट बांधला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती पेटी दाखवली. वॉचमनला वर बोलावून दाखवली. आणि त्या पेटीतून काय आवाज यायचा! बाई जणू शेजारच्या खोलीत. मी म्हटलं, तार माझी, सेट पोराचा, बापलेकांची जोडी जमली एकदाची.

चकती फिरवली की आवाज जरा उशिरा बदलायचा. पोरगा म्हणाला, नवीन सेट असेच असतात. स्टेशनवरचे तासाचे ठोके मोबाइलच्या घड्याळापेक्षा मागे पडायचे. मी म्हटलं मोबाइल चुकतोय. एकदा संध्याकाळभर पेटी मुकी होती, तेव्हा हिने सांगितलं, "स्टेशनच बंद असेल हो आज." त्या दिवशी इमारतीतलं इंटरनेट गेलं होतं, हे मला आत्ता कळतंय.

याच काळात स्टेशनकडून विचारणा आली. पैशांची ओढाताण आहे, दोनपैकी एकच जागा, म्हणजे चकतीवरचा एकच आकडा, चालू ठेवता येईल. जुनी, जिच्यावर आम्ही लहानपणापासून ऐकतो ती, की नवी. तुमच्या भागात कोणती नीट येते ते कळवा. मी दोन्ही लावून बघितल्या. नवी जागा म्हणजे काचेसारखी स्वच्छ. ताईला फोन केला.

ताई म्हणाली, "नव्या जागेवर नुसता फुस्स आवाज येतो रे. जुनी बरी आहे."

"ताई, नीट लाव. इथे बाई कानात येऊन बोलतेय."

"अरे, रोज लावते. काही नाही तिथे."

"मग तुझा सेट गेला."

"जुन्या जागेवर तोच सेट बोलतो की."

"मग कान गेले असतील. बारीक आवाज आधी जातात. वय झालं ताई तुझं."

ती म्हणाली, "असेल बाबा. पण तू माझं लिही हं. मला येत नाही असं लिही."

मी लिहिलं नाही. मला वाटलं, बहिरी झालेल्या म्हातारीचं ऐकून इंजिनिअरची दिशाभूल कशाला करा. मी लिहिलं की नवी जागा या सगळ्या भागात उत्तम येते. या सगळ्या भागात. आणि ताईच्या मुलाला फोन करून सांगितलं की आईचे कान तपासून घे. तो बिचारा डोंगरातून तिला खाली घेऊन गेला, कानात यंत्र बसवून आणलं. स्टेशनने जुनी जागा बंद केली. पुढच्या रविवारी ताई म्हणाली, "यंत्राने भांड्यांचा आवाज लई मोठा येतो, पण रेडिओत काही नाही रे." त्यानंतरच्या रविवारी म्हणाली की आता मी लावतच नाही. तेव्हापासून मी एकटाच ऐकत होतो. आणि मनातून तिच्यावर थोडा चिडलोही होतो, की हिने इतक्या लवकर हात टेकले.

आता कळलं ना मी का पेटलो ते?

पोरगा कामावरून आला तेव्हा टेबलावर ती तार होती, काळ्या टेपेसकट. त्याने ती बघितली, बॅग खाली ठेवली.

"बाबा, गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा तुम्ही ऑपरेशनला होता. सगळ्यांच्या तारा काढायच्या होत्या. मी नाही म्हटलं असतं तर आपल्या एकट्यामुळे काम अडलं असतं."

"मला विचारायचं."

"तुम्ही त्या अवस्थेत गच्चीवर जायला निघाला असता."

"निघालो असतो. माझी तार होती."

"म्हणून तर," मधे ही म्हणाली, "म्हणून तर सांगितलं नाही हो. रोज विचारत होता, तार नीट आहे ना, ती ताणायची कप्पी फिरते ना. काय सांगणार होते मी?"

"खरं सांगायचं. दुसरं काय सांगतात?"

पोराने लॅपटॉप उघडला, कदाचित मला शांत करायला, कदाचित त्यालाही लपवून कंटाळा आला असेल. तोच निळा पट्टा, तीच पिवळी रेघ. कुठल्याशा देशातल्या एका शाळामास्तराने आपल्या कोठाराच्या छपरावर तार ताणलीय, त्याचा हा रिसिव्हर, आणि पेटी याचाच आवाज इंटरनेटवरून आणत होती. माझ्या स्टेशनपासून तो अगदी जवळ, म्हणून आवाज शेजारच्या खोलीतला. पट्ट्याखाली बारीक अक्षरांत नावं होती, कोण कुठल्या जागेवर ऐकतंय त्यांची. ऐकणाऱ्याने आपलं नाव द्यायचं असतं म्हणे. माझ्या स्टेशनच्या रेघेखाली एकच नाव होतं. बाबा.

इतके महिने मी तिथे बसलो होतो. जगभरच्या लोकांना दिसत होतो. खाली गप्पांची चौकट होती, तिथे कुणीतरी मला विचारलंही होतं, बाबा, तुम्ही रोज याच स्टेशनवर असता, कुठून ऐकता? उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्या अनोळखी माणसाला माहीत होतं मी कुठे बसलोय. फक्त मला माहीत नव्हतं.

"माझ्या रिपोर्टांचं काय?" मी विचारलं. "ते सगळे त्या मास्तराच्या छपराचे रिपोर्ट झाले. मी माझ्या नावाने पाठवले. तू बघत होतास."

"मला वाटलं, तो तुमचा विरंगुळा आहे," पोरगा म्हणाला. "त्याने एवढं काही होत असेल असं..."

"विरंगुळा."

"बाबा, तुम्ही खूश होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसलात ते त्या पेटीपाशी. मग तोंडच उघडवेना माझ्याने."

चिडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो? समोरच्याने मनापासून केलं असेल त्याचा. तो लबाड असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. त्याने सेट बांधला नव्हता, पण पेटी मात्र खरंच हाताने बनवली होती, ती नुसती दिसायला सेटसारखी. एरियलचं सॉकेट बसवलं होतं, ज्याच्या मागे काही नव्हतं. त्या सॉकेटाची मला सगळ्यात जास्त चीड आली. इतक्या बारकाईने विचार करून मला मूर्ख बनवलं होतं.

"माळ्यावरून माझा जुना सेट काढ," मी म्हटलं.

त्याने काढला, धूळ पुसायला लागला तर मी हातातून घेतला. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या दांडीवरून ती दोन-तीन हात तार सोडली, ती जेवढी पुरेल तेवढी. संध्याकाळी वेळेवर नवी जागा लावली. फुस्स. आजूबाजूला दोन-चार दुसरी स्टेशनं कण्हत होती, म्हणजे सेट मेला नव्हता. माझ्या स्टेशनच्या जागी मात्र नुसता फुस्स आवाज. हिने आपणहून मिक्सर लावून बघितला, तर सेट बरोबर खरखरला. मी पूर्ण अर्धा तास तो फुस्स ऐकला. ताईने असाच ऐकला असेल, रोज, कानात ते यंत्र घालून, कारण ठोंब्या म्हणाला होता की आवाज येतोय.

त्याच रात्री, जेवणाआधी, इंजिनिअरला लिहून टाकलं की माझे हल्लीचे सगळे रिपोर्ट रद्द समजा. फोनवर दोन बोटांनी टाइप केलं, पोराला हात लावू दिला नाही. उत्तर लगेच आलं, सभ्य भाषेत. कळवल्याबद्दल आभार. जुन्या जागेचा ट्रान्समीटर खोलून त्याचे भाग विकले गेले आहेत, ती आता पुन्हा सुरू होणं शक्य नाही.

रविवारी ताईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मी तिला सगळं सांगितलं, तार, पेटी, मास्तराचं छप्पर. शिव्यांसकट सांगितलं. घरच्या घरात दोघांनी मिळून मला फसवलं, म्हटलं, डोळ्यांदेखत खोटं बोलत होते, आणि वर म्हणतात तुमच्या भल्यासाठी. ताई ऐकत होती.

"म्हणजे माझे कान बरे आहेत?" तिने विचारलं.

"ठणठणीत आहेत."

"मला वाटायचंच. पहाटे खारीचा आवाज येतो मला, मग बाई कशी येत नाही? पण तू म्हणालास तर असेल, असं वाटलं. तू नाही कधी खोटं ऐकत."

तिकडे ती काहीतरी पुसत असावी, भांड्याचा आवाज येत होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पोरावर एवढं ओरडू नकोस. आणि त्या स्टेशनवाल्यांचंही नवल आहे. मी सांगितलेलं तू लिहिलं होतंस ना, की म्हातारीला नव्या जागेवर काही येत नाही? तरी त्यांनी जुनी बंद केली?"

खोलीत पोरगा आला होता. जुन्या सेटसाठी त्याने कुठूनतरी तांब्याच्या तारेचं वेटोळं आणलं होतं, ते हातात धरून माझं बोलणं संपायची वाट बघत दारात उभा होता.

"ठोंब्या? लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं की," मी म्हटलं. "पहिल्याच ओळीत लिहिलं होतं ताई."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हलका झाला. "मला उगाच वाटत होतं, माझं लिहिलंच नाहीस की काय."

मी फोन ठेवला. पोरगा माझ्याकडे बघत होता. तोपर्यंतचा माझा प्रत्येक रिपोर्ट मी तोंडी सांगायचो आणि टाइप तोच करायचा.